खांदा कुठला

"लिवा."

मला पाहिलं की त्याचा पहिला शब्द हाच असायचा. नमस्कार नाही, चौकशी नाही. तो माझ्या तोंडाकडे बघायचाच नाही. खिशातल्या पेनाकडे बघायचा आणि म्हणायचा, "लिवा हजेरी. जित्ता हाय. हात छातीपातूर जातोय, त्येच्या वर न्हाय. लिवा."

हजेरी म्हणजे मी. बेळगावजवळच्या मच्छ्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका फौंड्रीत मी टाइम ऑफिसात कारकून होतो. कोण किती वाजता आला, कोण रजेवर, कुणाला कुठल्या पाळीत टाकायचं, हे माझं काम. माझं नाव त्याला चांगलं ठाऊक होतं, पण त्यानं ते कधी घेतलं नाही. त्याचं नाव मीही इथं घेणार नाही. त्याची माणसं आहेत, आणि त्यांना ते आवडायचं नाही.

आधीच सांगून टाकतो, मला तो आवडत नव्हता आणि त्याला मी. गेलेल्या माणसाचं चांगलं तेवढं सांगावं अशी आपल्याकडे पद्धत आहे. पण त्याच्याबद्दल नुसतं गोड लिहिलं असतं तर तो माझ्यावर आणखी चिडला असता.

तो मोल्डर होता. वितळलेलं लोखंड ओतायच्या आधी लोखंडी पेटीत वाळू कुटून तिचा साचा करतात, ते काम. मूळचा बोरगावचा. पन्नाशी ओलांडलेला, काळा, रुंद खांद्यांचा, भुवयांत कायम वाळूचे कण. त्याचं कुणाशीच बरं नव्हतं. कँटीनवाल्याशी नाही, क्रेनवाल्याशी नाही, युनियनच्या पुढाऱ्यांशी तर मुळीच नाही. एकदा नवा इंजिनियर आला. त्यानं वाळूच्या चाचणीचा कागद दाखवून सांगितलं, वाळू बरोबर आहे. ह्यानं मूठभर वाळू उचलली, दाबली, उघडली आणि त्या साहेबाच्या कागदावरच ठेवली. "पाणी लई झालंय," म्हणाला. "तुमच्या कागदाला इचारा, त्येला कळतंय का." त्या दिवशीच्या कास्टिंगला, म्हणजे ओतलेल्या लोखंडाला, आतून भोकं पडली. दुसरा एखादा गप्प बसला असता. हा आठवडाभर जाता येता इंजिनियरला विचारत होता, "कागद काय म्हंतोय?"

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. त्यांचं बरोबर असतं, आणि म्हणूनच ती जास्त डोक्यात जातात.

एका सोमवारी दुपारी वरची पेटी उचलताना चेन ब्लॉकची, म्हणजे वजन उचलायच्या कप्पीची, साखळी घसरली. पेटी गर्रकन फिरून त्याच्या उजव्या खांद्यावर आली. खांद्याखालचं हाड तीन ठिकाणी मोडलं. बेळगावात ऑपरेशन झालं, आत पट्टी आणि स्क्रू बसले.

अपघाताच्या रजिस्टरात नोंद मी केली. मॅनेजर साहेबांनी सांगितलं आणि मी लिहिलं, 'इशारा देऊनही कामगार पेटीखाली गेल्यामुळे.' इशारा कुणी दिला, हे मी विचारलं नाही. साखळी किती महिने तपासली नव्हती, हे मला माहीत होतं. तेही मी लिहिलं नाही. रजिस्टर घेऊन सहीसाठी दवाखान्यात गेलो. त्यानं ती ओळ दोनदा वाचली.

"इशारा कुणी दिलता?"

"अण्णा, साहेबांनी सांगितलं तसं लिहिलंय."

"म्हंजे तुम्ही नुस्तं लिवता." रजिस्टर त्यानं डाव्या हातानं माझ्या मांडीवर ढकललं. "सही मी उजव्या हातानं करतोय. हात बरा झाला की करतो."

ती सही त्यानं पुढं कधीच केली नाही. 'लिवा' मात्र त्या दिवसापासून सुरू झालं.

दर गुरुवारी मी दवाखान्यात जाऊन त्याची प्रगती बघून यायचं, असं साहेबांनी ठरवलं. बघून येणं म्हणजे काय, ते त्यालाही कळत होतं आणि मलाही. तळमजल्यावर फिजिओथेरपीची खोली होती. कप्पीवरून लोंबणाऱ्या दोऱ्या, रबरी पट्टे, भिंतीवर बोटांनी चढायची लाकडी शिडी. तिथली मॅडम तिशीची, निपाणीची. तिची आजी विड्यांच्या वखारीत राबलेली. पहिल्या दिवशी त्याचा कागद वाचून ती म्हणाली, "जयभीम मामा."

"जयभीम," तो म्हणाला. "पर तेवढ्यानं हात वर जाणार न्हाय."

"नाहीच जाणार. हात मी वर नेणार आहे."

"तू? पेन्सिल सोडून काय उचललंयस का आजपातूर?"

"माझ्या आजीचा अंगठा विड्या वळून वळून वाकडा झाला होता, मामा. शेवटी तिला घास धरता यायचा नाही. तिला व्यायाम सांगणारं कुणी नव्हतं. तुम्हाला आहे, म्हणून तुम्ही नखरे करताय. झोपा उताणे."

त्याला असं उत्तर देणारं माणूस मी प्रथमच बघत होतो. तो झोपला. पण त्यामुळे दोघांचं जमलं असं समजू नका. तिनं हात धरून वर न्यायला सुरुवात केली की तो तिच्या खानदानाचा सोडून बाकी सगळ्यांचा उद्धार करायचा. डॉक्टरांचा, स्क्रू बनवणाऱ्यांचा, माझा तर हटकून.

"धा झालं."

"आठ झाले. मी मोजतेय."

"तुला मोजाय येत न्हाय."

"मग पहिल्यापासून घेऊ. एक."

मी कोपऱ्यातल्या खुर्चीवर डायरी घेऊन बसायचो. तो घामानं भिजायचा, दात आवळायचा, आणि कळ थांबली की मान वळवून मला म्हणायचा, "लिवा. आरडला न्हाय." मला त्याचं दुखणं दिसत होतं. पण दर गुरुवारी चार लोकांसमोर आपला असा पाणउतारा होत असला, की दुसऱ्याचं दुखणं बघायला मन तयार होत नाही. आपला अपमान तेवढा मोठा दिसतो. माझं तसंच झालं होतं.

तिसऱ्या महिन्यात मॅडम फौंड्रीत आली. डोक्यावर हेल्मेट घालून दोन तास मोल्डिंगच्या शेडमध्ये उभी होती. रॅमर, म्हणजे वाळू कुटायचा दांडा, किती जड असतो, किती उंच उचलावा लागतो, माणूस वाकतो कुठं, वळतो कुठं, सगळं तिनं मोजून घेतलं. स्वतः कुटूनही पाहिलं. जाताना तळहातावर फोड घेऊन गेली.

पुढच्या गुरुवारी पाहतो तर दवाखान्याच्या त्या स्वच्छ खोलीत एक लाकडी पेटी, तिच्यात वाळू, बाजूला आखूड रॅमर. झाडणारी बाई दारात कमरेवर हात ठेवून उभी. "ह्यो दवाखाना हाय का बांधकाम?"

मॅडमनं तिकडं लक्ष दिलं नाही. "मामा, दोरी ओढून मोल्डर होता येत नाही. आजपासून हे."

त्यानं डाव्या हातानं वाळू उचलली, मूठ दाबली. मूठ उघडताच वाळू बोटांतून ओघळली. "ही नदीची वाळू. ह्यात साचा बसत न्हाय. कुटून काय उपेग?"

"कुटायला काय हरकत आहे? व्यायामच तर आहे."

"मग तूच कुट."

तो भिंतीकडे तोंड करून बसला. शेवटी मॅडमनं फौंड्रीत फोन केला आणि कुणीतरी स्कूटरवरून खऱ्या वाळूचं पोतं आणून टाकलं. त्यानं ती ओली केली, मळली, पुन्हा मूठ दाबून पाहिली. तळहातावर वाळूचा गोळा राहिला, बोटांचे वळ दिसणारा. तो उठला आणि उजव्या हातानं रॅमर धरला. हात एवढा थरथरत होता की मॅडमनं कोपराखाली आपला हात धरला. तो म्हणाला, "काढ हात." तिनं काढला. अकरा वेळा त्यानं वाळू कुटली. बाराव्यांदा रॅमर सुटून पडला.

"लिवा," तो धापा टाकत म्हणाला. "अकरा. बारावा पडला, त्येबी लिवा."

मी दोन्ही लिहिलं. त्या दिवशी मला वाटलं होतं की हा माणूस परत उभा राहणार, आणि राहावा. पण ते वाटणं फार टिकलं नाही.

पंधरा दिवसांनी साहेबांनी मला बोलावून घेतलं. मोल्डिंगची कामं अडली होती. "तू सांगून जातोस, म्हणून तो हात धरून बसतो," ते म्हणाले. "एकदा न सांगता त्याच्या घरी जाऊन बघ." रविवारी मी खासबागेतल्या माझ्या घरून गाडी काढून त्याच्या घरापाशी गेलो. मच्छ्यातच त्यानं दोन खोल्या भाड्यानं घेतल्या होत्या. समोर रिक्षा थांबली होती आणि तो तिच्यातून तांदळाचं पोतं उतरवत होता. ते त्यानं खांद्यावर घेतलं आणि उंबऱ्याच्या आत नेलं.

खांदा डावा होता. उजवा हात मॅडमनं शिकवल्याप्रमाणे पोटाशी घट्ट धरलेला होता. मी खांबाआडून मोबाइलवर फोटो काढला. फोटोत खांदा कुठला, हे स्वच्छ दिसत होतं.

सोमवारी मी अहवाल दिला. 'सदर कामगार घरी तांदळाचे पोते उचलताना आढळला.' एवढंच. त्यातला एकही शब्द खोटा नव्हता. फोटो मी साहेबांना दाखवला नाही. का नाही दाखवला, याला माझ्याकडे विसरलो, घाई झाली, अशी बरीच कारणं होती. खरं एकच. मला त्याला धडा शिकवायचा होता.

त्याला ताबडतोब कामावर हजर होण्याचं पत्र गेलं. नाहीतर कामात टाळाटाळ केल्याबद्दल कारवाई. मॅडमनं अजून आठ आठवडे सांगितले होते. तो आला. पहिल्या दिवशी जेवणाच्या सुट्टीपर्यंत त्यानं नेहमीची पेटी भरली, नेहमीच्या वजनाच्या रॅमरनं. कुणाची मदत घेतली नाही. दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमारास शेडमधून आवाज थांबला, म्हणून मी बाहेर आलो. तो पेटीच्या कडेवर बसला होता. उजवा हात मांडीवर पडलेला, दुसऱ्या कुणाचा असावा तसा. त्यानं तो डाव्या हातानं उचलून पाहिला. सोडला की खाली पडत होता.

स्क्रू जागेवर होते, ते नशीब. पण खांद्याचा स्नायू ताणून थोडा फाटला होता. तीन महिन्यांची मेहनत गेली.

चौथ्या दिवशी मॅडम थेट साहेबांच्या केबिनमध्ये शिरली. मला आत बोलावलं गेलं, कारण अहवाल माझा होता. तो दाराबाहेर बाकावर बसलेला, हात झोळीत.

"पोतं उचलतो म्हणजे खांदा चांगला आहे," साहेब म्हणाले. "आमच्या माणसानं पाहिलंय."

मॅडम माझ्याकडे वळली. "खांदा कुठला?"

मी टेबलावरच्या अहवालाकडे बघत राहिलो.

"साधा प्रश्न आहे. पोतं कुठल्या खांद्यावर होतं?"

साहेब माझ्याकडे बघत होते. नोकरी जाईल, हे मनात आलं. खोटं बोलावं, हेही आलं. उघड्या दारातून तो बाकावर बसलेला मला दिसत होता. तो माझ्याकडे बघत नव्हता. समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर बघत होता. मी खिशातून मोबाइल काढला, फोटो उघडला आणि टेबलावर ठेवला.

मॅडमनं पाहिला. मग साहेबांनी पाहिला. साहेबांनी मोबाइल माझ्याकडे सरकवला.

"हा फोटो अहवालासोबत का नाही दिला?" साहेबांनी विचारलं. त्यांनाही आता दोष द्यायला कुणीतरी हवं होतं.

मी बाहेर आलो तेव्हा तो म्हणाला, "आता बोललास." पहिल्यांदाच त्यानं मला तू म्हटलं. "माजा हात पडल्यावर बोललास."

"अण्णा, माझं चुकलं."

"मग? तुज्या चुकीचं मी काय करू? वाळूत घालून कुटू?"

मला त्या वेळी ते लागलं. प्रामाणिकपणे सांगतो, मला वाटलं होतं की फोटो दाखवला म्हणजे फिटलं. आपण नोकरी पणाला लावली, त्याची त्याला काहीतरी किंमत वाटेल. त्याला ती वाटली नाही. माझी नोकरी गेली नाही. मला तीन वर्षं रात्रपाळीचं रजिस्टर दिलं, एवढंच.

मॅडमनं मात्र त्या दिवशी साहेबांकडून लिहून घेतलं. पूर्ण बरा होईपर्यंत उपचार, मग आधी रोज दोन तास काम, हलकी पेटी, मग चार तास, मग पूर्ण पाळी. तिच्या सहीशिवाय एक तासही वाढवायचा नाही. मॅडमनं पुन्हा एकपासून मोजायला सुरुवात केली. तो पुन्हा शिव्या द्यायला लागला. मला गुरुवारी यायची मनाई झाली, त्यानंच घातलेली. "त्यो आला तर मी वाळूला हात लावणार न्हाय," असं त्यानं मॅडमला सांगितलं होतं, आणि तिनं ते मला जसंच्या तसं फोनवर सांगितलं. ती मला 'सर' म्हणायची. त्या दिवशी म्हणाली नाही.

पाच महिन्यांनी त्यानं पूर्ण पाळीत पहिली पेटी भरली. मी शेडच्या दारात उभा राहिलो. तो कुटत होता, आधी कडेनं, मग मधे, तोच जुना ठेका. मान न वळवता म्हणाला, "उजेडातनं सरक." मी सरकलो. दुपारी लोखंड ओतलं, संध्याकाळी पेटी फोडली. कास्टिंग स्वच्छ निघालं. त्यानं त्यावरून उजव्या हाताची बोटं फिरवली, आणि मग कुणी बघत नाही असं समजून तोच हात डोक्यावर सरळ वर नेला, जाईल तितका. कानाच्या थोडा अलीकडे थांबला. तेवढ्यावरून त्यानं तो खाली आणला.

पुढं निवृत्त होईपर्यंत तो त्या शेडमध्ये होता. जेवणाच्या सुट्टीत काठी घेऊन व्यायाम करायचा. हळूहळू त्याच्याभोवती माणसं जमायला लागली. कुणाची पाठ धरलेली, कुणाचा गुडघा. त्यांना तो शिकवायचा. म्हणजे ओरडायचा. "रडायचं तर रड, पर हात वर ने." ग्राइंडिंगवाल्या एकाची बोटं चेंगरली, तेव्हा त्याला घेऊन हाच बसनं मॅडमकडे गेला. आठवड्यातून दोनदा, रजा टाकून. त्या माणसानं मला नंतर सांगितलं की मामांनी त्याला एकच गोष्ट बजावली होती. "हजेरी इचाराय आला तर उजवा का डावा ते आधी सांगायचं. मग बाकीचं."

हे ऐकून सगळं ऑफिस हसलं. मीही हसलो. हसण्याशिवाय काय करणार होतो?

निरोपाच्या दिवशी हार, शाल, नारळ झालं. त्यानं सगळ्यांशी हात मिळवले. कँटीनवाल्याशी, त्या इंजिनियरशी, साहेबांशीसुद्धा. माझ्यापाशी आला, माझा हात पुढं झालेला पाहिला, आणि पुढच्या माणसाकडे गेला. रागानं नाही. एखादी मोकळी खुर्ची ओलांडून जावं तसा. माझा हात तसाच राहिला. शेजारच्यानं तो धरून उगीच हलवला.

गेल्या वर्षी तो वारल्याचं कळलं. बोरगावला, घरीच, झोपेत. चौथ्या दिवशी मी निपाणीमार्गे बसनं गेलो. का गेलो, ते मला सांगता येणार नाही. घर शोधायला त्रास झाला नाही. दारात त्याची बायको होती. तिनं मला दवाखान्यात पाहिलेलं होतं, लगेच ओळखलं.

"या," म्हणाली. एवढंच. आत चटई टाकली. मी जे बोलायचं असतं ते बोललो. ती ऐकत होती.

"तुमचं नाव काढायचे," ती मधेच म्हणाली.

मी पुढं सरकलो. "काय म्हणायचे?"

"शिव्याच की." तिनं पदर सारखा केला. "रोज न्हाय. पर काढायचे."

ती आत गेली आणि चहा घेऊन आली. भरपूर साखरेचा, कडेपर्यंत भरलेला कप. मी तो हळूहळू प्यायला लागलो, कारण तेवढा वेळ तरी बोलावं लागणार नव्हतं. भिंतीपाशी त्याच्या चपला होत्या, अजून कुणी हलवल्या नव्हत्या. बाहेर मोटारसायकलचा आवाज आला आणि पुढं गेला. ती कान देऊन ऐकत होती.

"च्या झाला की जावा," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. "ल्योक येतोय. त्येला तुम्ही म्हाईत हायसा."

मी उरलेला चहा एका घोटात संपवला. तिनं मागचं दार उघडून दिलं, आणि मी माझ्या चपला हातात घेऊन त्या दारानं बाहेर पडलो.